चौतीस नंबरची तपकिरी पँट

पाचापैकी तीन, असं सिस्टरनी वाचून दाखवलं तेव्हा काटेकोरांना क्षणभर आपण पास झालो असंच वाटलं. त्यांच्या शाळेत पाचापैकी तीन म्हणजे बरे मार्क होते. पण समोरचे डॉक्टर ज्या नजरेने बघत होते, ती नजर काही बरे मार्क मिळालेल्या मुलाकडे बघण्याची नव्हती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "कंबर नव्वदच्या आत हवी, तुमची एक्क्याण्णव आहे. रक्तदाब वरचा एकशे तीसच्या आत हवा, तुमचा एकशे अडतीस. रक्तातली चरबी दीडशेच्या आत हवी, ती आहे दोनशे बारा. साखर आणि चांगलं कोलेस्ट्रॉल अजून काठावर आहेत म्हणून त्यातून सुटलात. या पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं. एकेक बिघाड लहान दिसतो, पण तिघं एकत्र आले की हृदयाला जड जातं. दिवसभर खुर्ची, जाता-येता गाडी, तासातासाला चहा-बिस्किटं. शहरात आता घरोघरी हेच आहे."

"पण मला तर काहीच होत नाही," काटेकोर म्हणाले.

"तेच तर," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर लिहिलं: तात्पुरते अपात्र, फेरतपासणी तीन महिन्यांनी.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि एकोणतीस वर्षं दुकानदारांचे काटे, वजनं आणि मीटरपट्ट्या तपासून त्यांनी हे नाव कमावलं होतं. बाजारात त्यांची जीप शिरली की चांगल्या चांगल्या व्यापाऱ्यांची पाचावर धारण बसे. 'अपात्र' हा शब्द त्यांनी आजवर हजारो वजनांवर लिहिला होता. तो आपल्यावरही लिहिता येतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आणि नेमका आत्ताच लिहिला गेला होता. खात्याच्या तळमजल्यावर प्रमाणकक्ष नावाची एक थंड खोली आहे. तिथं काचेच्या पेटीत खात्याचा प्रमाण किलो आणि प्रमाण मीटर ठेवलेले असतात, आणि शहरातल्या प्रत्येक वजनाचा शेवटचा निवाडा त्यांच्यासमोर होतो. त्या खोलीची किल्ली ज्याच्या खिशात, त्याच्या शब्दापुढे खात्यात कुणाचा शब्द नाही. सध्याचे किल्लीवाले तीन महिन्यांनी निवृत्त होत होते. ज्येष्ठतेच्या यादीत एकोणीस वर्षं एकेक पायरी चढत काटेकोर पहिल्या नंबरावर आले होते. पण किल्ली घ्यायची तर तब्येतीचा दाखला हवा. किल्ली आणि काटेकोर यांच्यामध्ये आता फक्त त्यांचं पोट उभं होतं.

घरी आले तेव्हा बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. सगळा प्रकार ऐकून तिचा पाय पायट्यावरच थांबला.

"म्हणजे नक्की काय झालंय तुम्हाला?"

"एक सेंटिमीटर झालंय," काटेकोर म्हणाले. रक्तदाब आणि चरबी हा डॉक्टरांचा प्रांत होता, त्यात ते पडणार नव्हते. पण सेंटिमीटर हा त्यांचा स्वतःचा प्रांत होता. बिघडलेल्या तीनातून एक जरी कमी झाली तरी आजाराचं नाव गळून पडतं, हे त्यांनी तिथंच हेरलं होतं. त्यांनी कपाटातून तपकिरी पँट काढली आणि आतली चिठ्ठी बायकोसमोर धरली. "हे बघ. चौतीस नंबर. अकरा वर्षं घालतोय, आजही बटण अलगद लागतं. चौतीस इंच म्हणजे शहाऐंशी पूर्णांक छत्तीस. मग कंबर एक्क्याण्णव कुठून आली? त्या सिस्टरची टेप खोटी आहे."

"ती पँट राहू द्या," बायको म्हणाली. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घडी करून ठेवली. "डॉक्टर आणखी काय म्हणाले ते सांगा."

पण काटेकोर तोवर आपल्या तपासणीच्या पेटीतली पोलादी फीत पुसायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले ते पूर्ण सरंजामानिशी. पंच म्हणून त्यांनी ऑफिसातल्या जावक कारकुनाला बरोबर घेतलं होतं. या माणसाला सगळे नुसतं 'जावक' म्हणत, आणि त्याला कुणी काही सांगितलं की ते संध्याकाळच्या आत सगळ्या टेबलांवर पोचे.

सिस्टरनी कापडी टेप पुढे केली. "चौदा वर्षांची आहे साहेब. माझ्या आधीच्या सिस्टरपासून चालत आलीय."

"शिक्का कुठाय हिच्यावर?"

"टेपवर शिक्का असतो?"

काटेकोरांनी जावककडे असं बघितलं, की देशाचं कसं होणार. मग त्यांनी टेबलावर पोलादी फीत ताणली, तिच्या शेजारी कापडी टेप ठेवली, आणि दोन्हीची शून्यं जुळवली. टेपवर जिथं शंभर लिहिलं होतं, तिथं पोलादी फीत एकशे तीन दाखवत होती.

"सापडली," काटेकोर म्हणाले. "तीन सेंटिमीटरची चूक. बघा सिस्टर."

जावक बोटांवर काहीतरी मोजत होता. "पण साहेब," तो म्हणाला, "टेप ताणली गेलीय. ताणलेली टेप कमी दाखवते ना? म्हणजे तुमची कंबर एक्क्याण्णव नाहीच. त्र्याण्णव पूर्णांक सात आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसरा कुणी असता तर त्याने टेप गुंडाळून खिशात घातली असती, सिस्टरला नवी आणून दिली असती आणि विषय तिथंच मिटवला असता. एक क्षणभर काटेकोरांच्याही मनात ते आलं. पण एकोणतीस वर्षांत त्यांनी कुठलंही खोटं माप पाहून न पाहिल्यासारखं केलं नव्हतं. त्यांनी खाली बसून पंचनामा लिहिला, टेप लिफाफ्यात घालून लाखेने बंद केली, आणि जावकची सही घेतली. सही करताना जावक हसत होता, तेही त्यांनी बघून ठेवलं.

आता त्या टेपने फक्त काटेकोरांना मोजलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच आठवड्यात वार्षिक तपासणीत तिनं अख्ख्या खात्याला मोजलं होतं. पंचनामा झाल्यावर सगळी मापं रद्द ठरली आणि सेहेचाळीस जणांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं, तेही काटेकोरांच्याच पोलादी फितीसमोर, आणि ती फीत अंगाला गार लागत होती. अकरा माणसं जी कालपर्यंत ठणठणीत होती, ती एका दुपारीत सिंड्रोमवाली झाली. त्यात संचालकबाई होत्या.

"एकोणऐंशी होते मी," संचालकबाई काटेकोरांना केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या. "बायकांना ऐंशीची मर्यादा. छान चाललं होतं माझं. तुम्ही मला एका दुपारीत एक्क्याऐंशी पूर्णांक चार केलंत."

"मी नाही मॅडम, फितीने..."

"मला कायदा शिकवू नका. मापं रद्द करायच्या आदेशावर मीच सही केलीय." त्यांनी त्याच दिवशी फतवा काढला: खात्याला लिफ्ट बंद, बिस्किटं बंद, चारच्या चहाऐवजी सगळ्यांनी आवाराला दोन फेऱ्या मारायच्या. प्रमाणकक्ष तळमजल्यावर असला तरी बाकीचं खातं चौथ्यावर होतं. जिन्यात धापा टाकत थांबलेल्या माणसांनी काटेकोरांना वाट देणं बंद केलं. "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं," जावक मोठ्याने म्हणे, "पण यांनी तर अंगण मोजून सगळ्यांनाच नाचायला लावलं."

घरी वेगळीच तऱ्हा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. ते आठ वर्षांपासून सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ चालवत होते आणि रोज हजेरी घेत. काटेकोरांचा आजार कळताच ते खाली आले, सोफ्यावर बसले, आणि त्यांनी तीन कामं दिली: सकाळी तीन किलोमीटर चालायचं, जेवताना प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, आणि संध्याकाळी दहा मिनिटं उलटं चालायचं. उलटं चालल्याने चरबी गोंधळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

घास मोजण्याचं काम काटेकोरांनी लगेच अंगावर घेतलं. पण बत्तीस मोजता मोजता आपण एकतीस मोजले की तेहतीस, अशी शंका येऊन ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एका भाकरीला तास लागू लागला. बायको समोर बसून सगळं बघत होती आणि काही बोलत नव्हती. एरवी ती बोलली असती.

चालण्याचं मात्र छान चाललं होतं, दहा दिवस. अकराव्या दिवशी काटेकोरांनी ऑफिसातलं मोजचाक आणलं, म्हणजे दांडीला लावलेलं ते चाक, जे ढकलत नेलं की रस्ता मोजला जातो. कुणाला दुखवायचा त्यांचा हेतू नव्हता. आपण रोज नेमके किती चालतो, एवढंच त्यांना हवं होतं. हेडमास्तरांची आठ वर्षांची तीन किलोमीटरची फेरी दोन किलोमीटर एकशे चाळीस मीटर भरली.

"चाक चुकलं असेल," हेडमास्तर म्हणाले.

"चाकावर शिक्का आहे," काटेकोर म्हणाले.

मंडळातल्या बारा माणसांनी आठ वर्षं नातेवाइकांना तीन किलोमीटर सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून काटेकोर एकटे चालू लागले, आणि हेडमास्तर रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले.

अशा वेळी माणूस खचतो. काटेकोर खचणाऱ्यातले नव्हते. एका महिन्यात पोलादी फीत ब्याण्णव पूर्णांक सहावर आली होती. एक सेंटिमीटर एक मिलिमीटर त्यांनी स्वतःच्या पायांनी काढलं होतं. पण एक गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती. कंबर ब्याण्णवच्या वर, आणि पँट शहाऐंशीची, आणि तरी बटण अलगद लागतं, हे कसं? दोन मापं एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर एक नक्की खोटं. फीत खोटी नव्हती. म्हणजे पँट खोटी. पण पँट खोटी कशी असेल?

त्यांनी संचालकबाईंकडे आपल्या कमरेच्या मापावर रीतसर हरकत नोंदवली आणि तपकिरी पँट पुरावा म्हणून सीलबंद लिफाफ्यात जोडली. त्या दिवशी ते राखाडी पँट घालून आले होते, नाहीतर पंचाईतच होती. बाईंनी सगळ्यांना बोलावलं. लाख फोडली, पँट टेबलावर पसरली, पोलादी फीत लावली. जावकने आकडा वाचला.

"चौऱ्याण्णव."

"चिठ्ठी बघा," काटेकोर म्हणाले.

"चिठ्ठी चौतीसचीच आहे साहेब. पँट सदतीसची आहे."

सगळे हसले. काटेकोर हसले नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला होता. चिठ्ठी एक आणि माल दुसरा, हे सरळ सरळ फसवणुकीचं प्रकरण होतं. नोटीस लिहून, पँट काखेत मारून ते थेट कपड्यांच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हातारा झाला होता. अकरा वर्षांपूर्वीची पँट बघून तो घाबरला नाही. त्याने चष्मा लावला, पँट उलटी केली, आणि कमरेचा पट्टा बोटाने चाचपून बघितला.

"ही आमची शिवण नाही साहेब. आमची मशीनची असते. हा पट्टा मागून उसवून हाताने शिवलाय. एकदा नाही, सात-आठ वेळा तरी. आणि इथं बघा, आतलं कापड संपलं म्हणून खालच्या दुमडीतून काढून तिकोनी पट्टी घातलीय. बाहेरून कळणारही नाही. काय हात आहे. कुणाकडून करून घेतलंत?"

काटेकोर वाकले. बारीक, जरासा डावीकडे कललेला टाका होता. तो टाका त्यांनी ओळखला. त्यांच्या शर्टाच्या प्रत्येक बटणाखाली तोच टाका होता, रुमालांच्या कडांनाही तोच. नोटीस त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

"घरातच," ते म्हणाले.

दुपारी ते घरी आले तेव्हा बायको गणवेशाच्या कॉलरी उलटवत होती. त्यांनी कपाटातल्या सगळ्या पँटी पलंगावर मांडल्या आणि फीत काढली. पहिली मोजली, दुसरी मोजली.

"सगळ्या मोजू नका," बायको म्हणाली. "सगळ्या सारख्याच आहेत. काम मी नीट करते."

"केव्हापासून चाललंय हे?"

"लाँड्रीवालीचा पंचनामा केलात तेव्हापासून. पँट आवळायला लागली तर तुम्ही म्हणालात, हिनं कापड आटवलं. चार बायकांसमोर तिला उभी केलीत. मी म्हटलं, एवढं रामायण कशाला, मागे शिवणीत जास्तीच्या कापडाची माया आहे, अर्धं बोट सोडते. पुढच्या वर्षी आणखी अर्धं बोट. तुम्ही खूश, घरात शांतता." तिनं कॉलर खाली ठेवली. "पँट वेळेवर आवळली असती तर तुम्ही कधीचेच डॉक्टरकडे गेला असता. मी आवळूच दिली नाही. तुमचे वडील छप्पन्नाव्या वर्षी असेच बसल्या बसल्या गेले. तुम्ही त्रेपन्नचे आहात. तुम्ही पाचापैकी तीन म्हणालात त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही. आणि कुणाला सांगायची सोय नाही, कारण मापात पाप मीच केलंय."

काटेकोर पलंगाच्या कडेला बसले. आधी त्यांना भयंकर राग आला. शहरातल्या एकाही दुकानदाराला त्यांना फसवता आलं नव्हतं, आणि त्यांच्या स्वतःच्या कमरेला अकरा वर्षं खोटं माप बांधलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणजे किती असावा. सवयीने त्यांनी पंचनाम्याचं पॅड काढलं, तारीख घातली, मुद्देमाल: पँटी, नग सात, असं लिहिलं. मग आरोपीच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. खोटं माप शिवणारी समोर बसली होती. पण अकरा वर्षं ते माप घालून मिरवणारा, आणि घट्ट म्हणताच दुसऱ्याला उभं करणारा कोण? आणि ही बाई महिनाभर एकटीच ही भीती घेऊन समोर बसत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते बत्तीस मोजत होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"ही तपकिरी परत चौतीस करून दे," ते म्हणाले.

"ती तुम्हाला होणार नाही."

"म्हणूनच."

तिनं त्याच दिवशी सगळे जुने टाके उसवले, तिकोनी पट्टी काढली आणि पँट शहाऐंशीवर आणली. ती खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली गेली. दर रविवारी काटेकोर ती घालून बघत आणि बटण आणि काज यांच्यातलं अंतर मोजत. पहिल्या रविवारी ते बासष्ट मिलिमीटर होतं, आणि मोजण्याच्या खटपटीत पँटची चेन अर्ध्यावर अडकून बसली, ती ना वर जाई ना खाली. नेमकी तेव्हाच बेल वाजली. काटेकोरांनीच हेडमास्तरांना निरोप पाठवला होता, की माझं चुकलं, चहाला या. वरून टॉवेल गुंडाळून त्यांना माफी मागावी लागली.

"फेरी पाण्याच्या टाकीपर्यंत वाढवली तर बरोब्बर तीन भरते," काटेकोर म्हणाले. "मी मोजून आलोय."

"मी आठ वर्षं तेच म्हणत होतो," हेडमास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काटेकोरांचं नाव हजेरीत परत घातलं. उलटं चालणं मात्र कुणी पुन्हा काढलं नाही.

मग कसलीही चमत्कारिक गोष्ट घडली नाही. रोज तीन किलोमीटर, चार मजले, बिस्किटांऐवजी नुसता चहा, वरून मीठ नाही, जेवणात अर्धं ताट भाजी. पाऊस आला तरी चालायचं, पाहुणे आले तरी चालायचं. बायकोही मशीन सोडून बरोबर येऊ लागली. कधी अंतर आठवड्याला चार मिलिमीटरने कमी होई, कधी दोन आठवडे हलायचंच नाही. त्या आठवड्यांत काटेकोर पँटकडे असे बघत, की ती हललेली नाही हा तिचाच दोष. पण कुणाचा पंचनामा त्यांनी केला नाही.

फेरतपासणीच्या दिवशी सगळं खातं रांगेत होतं. संचालकबाई पुढेच होत्या. एकोणऐंशी पूर्णांक सहा, असा कागद त्यांनी काटेकोरांच्या डोळ्यांसमोरून हलवत नेला. मग काटेकोर उभे राहिले. सिस्टरनी शिक्का मारलेली नवी फीत लावली.

"नव्वद पूर्णांक चार," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि मग आणखी हळू, "नव्वदच्या आत लिहू का साहेब? जरा श्वास आत घ्या, तेवढंही होईल. चार मिलिमीटरने काय होतंय."

रांगेत अकरा माणसं होती ज्यांना या माणसाने एका दुपारीत आजारी पाडलं होतं. जावक टाचा उंचावून बघत होता. एकोणीस वर्षं आणि एक किल्ली चार मिलिमीटरवर अडली होती. काटेकोरांनी उलट श्वास बाहेर सोडला.

"चार लिहा," ते म्हणाले. "नव्वद पूर्णांक चार."

त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला, रक्तदाबासाठी. कालच्या रक्ताचा कागद डॉक्टरांसमोर होता. डॉक्टरांनी एक कागद वाचला, मग दुसरा.

"कंबर अजून बाहेर आहे," ते म्हणाले. "चरबी एकशे सत्तर, उतरलीय, पण तीही बाहेर आहे. रक्तदाब एकशे चोवीस, खालचा ऐंशी. हा आत आला. म्हणजे पाचापैकी दोन." त्यांनी शिक्का उचलला. "पात्र. पण चालणं सोडू नका. सोडलंत तर मी वर्षभरात परत तीन मोजीन."

ज्या कमरेसाठी त्यांनी टेप जप्त केली, खातं दुखावलं आणि पँट दुकानदारासमोर नेली, ती शेवटपर्यंत बधलीच नव्हती. ज्या रक्तदाबाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तो बिचारा निमूटपणे खाली उतरला होता. जिन्यात जावकने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

संध्याकाळी बायकोने कागद दोनदा वाचला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, हे काटेकोरांनी बघितलं. सोमवारी किल्ली घ्यायला जायचं, तर राखाडी पँट आता कमरेवरून घसरत होती. बायको सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती हे काम त्यांच्यासमोर करत होती. फितीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिनं, आणि नव्वद पूर्णांक चारवर तिनं खडूची खूण केली. कापड मागून आत घेतलं, बारीक, जरासे डावीकडे कललेले टाके घातले, गाठ मारली, आणि दाताने दोरा तोडला.

"आता परत घट्ट झाली तर सांगायचं," ती म्हणाली. "मला नाही. डॉक्टरांना."